टेबल फिरवा, मग दिवा घ्या

लॅपटॉप लेटेस्ट, खुर्ची हाय-बॅक, इंटरनेट एकदम सुसाट, भिंतीवर झकास वॉलपेपर... आणि डोक्यावर? डोक्यावर तीच ट्यूब, वायरमनने बांधकामाच्या वेळी जिथे पॉइंट काढून ठेवला तिथेच लावलेली! आपल्यापैकी बहुतेकांच्या पर्सनल ऑफिसची गोष्ट इथे सुरू होते आणि संध्याकाळी साडेसहाला चुरचुरणाऱ्या डोळ्यांवर येऊन थांबते. मग आपण चष्म्याचा नंबर तपासून येतो, आय ड्रॉप्स आणतो, चहाचा एक कप वाढवतो. फारच झालं तर बाजारातून आणखी जास्त वॉटचा दिवा आणून लावतो. डोकेदुखी मात्र जिथल्या तिथे.

पर्सनल ऑफिस म्हटलं की डोळ्यांपुढे बाणेर नाहीतर बीकेसी येतं. पण मार्च 2020 मध्ये लॉकडाउन लागला आणि हिंजवडीतली कितीतरी टेबलं रातोरात गावच्या घरी गेली. काही परत आली, काही तिथेच रुळली. राहात्यासारख्या गावात तर एका माणसाच्या ऑफिसची परंपरा त्याआधीपासूनची. तालुक्याचं ठिकाण, कोर्ट, तहसील म्हटल्यावर वकील आले, सीए आले, टॅक्स कन्सल्टंट आणि सिव्हिल इंजिनिअर आले. शिर्डी पाच-सहा किलोमीटरवर, म्हणून हॉटेल आणि ट्रॅव्हल्सचं बुकिंग सांभाळणारेही आले. यातल्या बहुतेकांचं ऑफिस म्हणजे एक तर रस्त्यावरचा शटरचा गाळा, नाहीतर घरातली एक खोली. उजेडाचे जेवढे म्हणून प्रॉब्लेम असू शकतात, ते सगळे या दोन जागांत सापडतात. त्यामुळे तुमचं टेबल कोथरूडच्या वन बीएचकेत असलं तरी पुढचं वाचायला हरकत नाही.

शटरच्या आत

नगर-मनमाड रस्ता राहात्यातून साधारण दक्षिणोत्तर जातो. म्हणजे रस्त्याकडेच्या गाळ्यांची तोंडं एक तर पूर्वेला, नाहीतर पश्चिमेला. डोळ्यांच्या हिशेबाने या दोन्ही दिशा त्रासाच्या. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो. छज्जा कितीही पुढे काढा, तिरपं ऊन त्याच्या खालून थेट टेबलावर येतं. पश्चिमेच्या गाळ्यात तर दुपारी चारनंतर शटर अर्धं खाली ओढायचं आणि आत लाइट लावून बसायचं, हा रोजचा रिवाज. बाहेर लख्ख उजेड आणि आत वीजबिल!

गाळा समजा दहा बाय पंधराचा आहे. उजेड यायला तोंड एकच. शटरपाशी झगझगाट, मागच्या भिंतीशी दिवसाही संध्याकाळ. आणि मालकाची खुर्ची कुठे? बरोब्बर मागच्या भिंतीला टेकून, तोंड रस्त्याकडे. आलेला क्लायंट दिसला पाहिजे ना! यात गोम अशी की तुमचा लॅपटॉप तुमच्यासमोर असतो आणि त्याच्या मागे उन्हात तळपणारा हायवे. डोळ्याची बाहुली उजेडाप्रमाणे लहान-मोठी होते. स्क्रीनवरचा आकडा वाचायचा, मग वर बघायचं, पुन्हा आकडा, पुन्हा रस्ता. दिवसातून शेकडो वेळा डोळ्यांना ही उठाबस करावी लागते. संध्याकाळी कपाळ ठणकतं ते यामुळेही, आणि इथे तुम्ही आणखी एक ट्यूब लावलीत तरी फारसा फरक पडत नाही, कारण भर उन्हाशी ट्यूब काय स्पर्धा करणार?

आकड्यांतच बोलायचं तर प्रकाश मोजायचं एकक आहे लक्स. एका चौरस मीटरवर किती उजेड पडतो, त्याचं माप. भर दुपारच्या उघड्या उन्हात ते लाखाच्या घरात जातं, ढगाळ दिवशी बाहेर साधारण दहा हजार, आणि संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये शंभर-दीडशे असलं तरी आपल्याला घर उजळल्यासारखं वाटतं. ऑफिसच्या कामासाठी भारतीय मानक आयएस 3646 मध्ये 300 ते 750 लक्सची रेंज दिली आहे. म्हणजे लागणारा उजेड तसा बेताचाच. अडचण उजेडाच्या कमतरतेपेक्षा त्यातल्या तफावतीची असते.

उपाय फुकटातला आहे. टेबल काटकोनात फिरवा. शटर तुमच्या समोरही नको, पाठीशीही नको, बाजूला हवं. पाठीशी घेतलंत तर सगळा रस्ता स्क्रीनमध्ये आरशासारखा दिसतो, ट्रकसकट. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून आला की हाताची सावली कागदावर पडत नाही. जुन्या शाळांत वर्गाच्या खिडक्या डाव्या बाजूला ठेवत, ते काही उगाच नाही. गंमत म्हणजे पश्चिमेच्या गाळ्यात उत्तरेकडे तोंड करून बसलं की दार आपोआप डावीकडे येतं. वास्तुवालेही खूश, डोळ्यांचे डॉक्टरही खूश! पूर्वेच्या गाळ्यात मात्र दोघांपैकी एकाला नाराज करावं लागेल. माझं मत विचाराल तर लिहायचं काम जास्त असेल तर डॉक्टरांचं ऐका, आणि नुसता कीबोर्ड बडवायचा असेल तर घरच्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

टेबल फिरवलंत की त्यावरची काच बघा. आपल्याकडच्या प्रत्येक ऑफिसात टेबलावर काच असते, काचेखाली देवाचा फोटो, एसटीचं वेळापत्रक आणि कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डं. या काचेत वरची ट्यूब अख्खी दिसते आणि वाचताना नेमकी डोळ्यांत घुसते. काच काढायला जिवावर येत असेल तर हात टेकतात तेवढ्या भागावर एखादा मॅट पॅड किंवा साधा रेक्झिनचा तुकडा पसरा. तपासायची युक्तीही सोपी आहे. एक छोटा आरसा टेबलावर, जिथे कागद ठेवता तिथे, आडवा ठेवायचा आणि नेहमीच्या खुर्चीत बसून त्यात बघायचं. आरशात दिवा दिसला तर तो दिवा चुकीच्या जागी आहे. स्क्रीनसाठी तर आरसाही नको. लॅपटॉप बंद करून काळ्या पडद्यात डोकावा. ट्यूब, खिडकी, शेजारच्या दुकानाचा बोर्ड, जे जे दिसेल ते सगळं दिवसभर तुमच्या एक्सेल शीटवर नाचत असतं.

काचेच्या दाराला काळी फिल्म लावणं हा आणखी एक लाडका उपाय. बाहेरचं ऊन कमी होतं खरं, पण त्याबरोबर दिवसाचा फुकटचा उजेडही जातो आणि सकाळी अकराला ट्यूब लावावी लागते. त्यापेक्षा पांढरी दुधी फिल्म, तीही फक्त डोळ्यांच्या उंचीच्या पट्ट्यात. वरचा भाग मोकळा ठेवला की उजेड छतावर आपटून आतपर्यंत पोचतो. अर्थात छत पांढरं असेल तर! चॉकलेटी लॅमिनेटच्या भिंती फोटोत एकदम कॉर्पोरेट दिसतात, पण उजेड अक्षरशः गिळतात. आणि ऑइलपेंटची चकचकीत भिंत उजेड परत फेकते खरी, पण थेट तोंडावर. पांढरा किंवा फिक्का, मॅट रंग. इंटिरिअरवाला नाक मुरडेल, मुरडू दे.

दिवा छताला कधी गेला?

शिर्डीच्या मशिदीत साईबाबा दुकानदारांकडून तेल मागून आणून पणत्या लावायचे, आणि एकदा वाण्यांनी तेल नाकारलं तेव्हा पाण्यावर दिवे पेटले, ही कथा इथल्या घराघराला पाठ आहे. चमत्काराचं काय ते श्रद्धेवर सोडू. पण त्या काळी तेल मोजूनमापून मिळायचं, एवढं तर त्यातून कळतं. आणि जिथे तेल मोजून मिळतं तिथे दिवा कामाच्या जवळ ठेवतात. चुलीशेजारी दिवळीत चिमणी, पोथीजवळ समई, अभ्यासाला पुस्तकापाशी कंदील. उजेड थोडासा, पण नेमका हवा तिथे. वीज आली आणि दिवा छताला गेला. खोली उजळली, पण कागद मात्र दिव्यापासून लांब राहिला.

इथे शाळेतलं फिजिक्स आठवा. दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. सहा फुटांवरचा बल्ब दीड फुटावर आणला तर सोळापट! नऊ वॉटचा साधा एलईडी बल्ब साधारण नऊशे ल्युमेन उजेड देतो. तो छताला लावला तर खोलीभर पसरून पातळ होतो, तोच टेबल लॅम्पमध्ये बसवला तर कागदावर नुसता लख्ख.

आता गाळ्याचा हिशेब करू. दहा बाय पंधरा म्हणजे सुमारे चौदा चौरस मीटर. सगळीकडे 300 लक्स हवे असतील तर टेबलापर्यंत सव्वाचार हजार ल्युमेन पोचले पाहिजेत. भिंती, धूळ, कपाटं यांत निम्मा उजेड वाया जातो असं धरलं तर छतावरून आठ-साडेआठ हजार सोडावे लागतील. म्हणजे वीस वॉटच्या चार बॅटन ट्यूब. आता दुसरा मार्ग. छताला दोनच बॅटन, खोलीत सौम्य उजेडापुरत्या, आणि टेबलावर सहा-सात वॉटचा मान वळणारा लॅम्प. कागदावर उजेड पहिल्यापेक्षा जास्त, डोळ्यांवर मारा कमी. वीजबिलात वाचतात ते पैसे किरकोळ, त्याचं फार कौतुक नको. खरा फायदा असा की लॅम्प तुमच्या हाताने हलतो. फाइल वाचायची तर जवळ ओढा, नुसतं स्क्रीनवर काम असेल तर बाजूला सारा.

एकाच गाळ्यात वडील आणि मुलगा दोघंही वकिली करतात, असं चित्र तालुक्याच्या गावी नवं नाही. तिथे तर प्रत्येकाला वेगळा लॅम्प हवाच. वयाबरोबर डोळ्यातली बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडतं. विशीतल्या माणसाच्या मानाने साठीतल्याच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो असं मानतात. त्यामुळे ‘पप्पा, केवढा लाइट लावलाय!’ आणि ‘अरे, काही दिसत नाहीये,’ हे दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. छतावरच्या एका बटणावरून हे भांडण मिटणार नाही. तेच चकाकीचंही. जास्त उजेड हवा असणाऱ्या वयातच उघडा, झाकण नसलेला बल्ब डोळ्यांना जास्त खुपतो. म्हणून लॅम्प घेताना एवढं बघा, की बसल्या जागेवरून आतला बल्ब दिसता कामा नये. शेड खोल हवी.

छतावरच्या दिव्यांचा एक खास देशी प्रॉब्लेम परदेशी मासिकांत सापडणार नाही. पंखा! दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर असला की प्रत्येक पातं उजेड कापत जातं आणि टेबलावर सावल्यांची भिरभिर सुरू होते. पीओपी करताना चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोल पॅनल लाइट टाकायची फॅशन आहे; त्यातले मधले दिवे हमखास पात्यांच्या वर येतात. टेबलाजवळचे दिवे पात्यांच्या घेराबाहेर घ्या किंवा ट्यूब भिंतीला, पात्यांच्या पातळीखाली लावा. जुन्या घराला पत्रा असेल तर पीओपीचा प्रश्नच नाही, पण तिथे छतावरून उजेड परतही येत नाही. पूर्वीच्या धाब्याच्या घरात छताला उजेडासाठी चौकोनी भोक ठेवायचे. आता पत्र्यांमध्ये एक पारदर्शक पत्रा बसवतात. कल्पना उत्तम, फक्त तो टेबलाच्या बरोबर वर नको, नाहीतर दुपारी बारा वाजता तुमच्यावर स्पॉटलाइट!

स्वस्त एलईडीची आणखी एक खोड म्हणजे न दिसणारी लुकलुक. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं. दुकानातच तपासा. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा तिथेच ठेवून या. किंवा दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा. पेन्सिलीची सलग छटा दिसली तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, पण हजार-दीड हजार आपले जाणार आहेत, त्याचे नाहीत.

पांढरा देऊ की पिवळा?

काउंटरवरचा हा प्रश्न आपण फार पटकन उडवून लावतो. ‘पांढरा द्या!’ आपल्या पिढीच्या मनात पिवळा म्हणजे लोडशेडिंग, व्होल्टेज डाउन, साठचा मिणमिणता बल्ब. पांढरा म्हणजे नवं घर, बँक, हॉस्पिटल. उन्हाळ्याच्या प्रदेशात पांढरा उजेड जरा थंडही वाटतो. 2015 मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना आली, एलईडी बल्ब स्वस्तात घरोघरी गेला आणि पांढऱ्याने बाजी मारली. आज सहा हजार पाचशे केल्विनचा ‘कूल डेलाइट’ न सांगता हातात पडतो. (केल्विनचं गणित उलटं आहे बरं का. आकडा मोठा तेवढा प्रकाश निळसर, आकडा लहान तेवढा पिवळा.)

दिवसा तो निळसर पांढरा ठीक. अडचण रात्रीची. 2002 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी नुसत्या बघण्यासाठी नसतात. त्या उजेड ओळखून शरीराच्या घड्याळाला दिवस आहे की रात्र ते कळवतात, आणि निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. रात्री अकराला डोक्यावर कूल डेलाइट पेटलेला असेल तर शरीराला वाटतं अजून दिवस आहे. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. राहात्यात बसून अमेरिकेच्या क्लायंटचं काम करणारा संध्याकाळी सातला लॉगिन होतो आणि रात्री दोनला उठतो. पहाटे चारपर्यंत त्याला झोप येत नाही, मग तो कॉफीला दोष देतो.

त्यामुळे कामाच्या खोलीत चार हजार केल्विनचा, दुकानातल्या भाषेत ‘नॅचरल व्हाइट’, हा सगळ्यात कमी भांडणाचा पर्याय. रात्री काम असेल तर टेबल लॅम्पमध्ये सत्तावीसशे ते तीन हजारचा वॉर्म व्हाइट. आणि खोली पूर्ण काळोखी करून फक्त स्क्रीनवर काम करायचं, हा हॅकरछाप प्रकार सिनेमातच बरा. काळोखात उजळलेला स्क्रीन म्हणजे दुपारच्या हायवेचीच उलटी आवृत्ती. स्क्रीनच्या मागच्या भिंतीवर एखादा मंद पिवळा दिवा पडू द्या, डोळे दुवा देतील. कपडे, फोटो किंवा डिझाइनचं काम करणाऱ्यांनी खोक्यावर सीआरआय बघायचा. तो 80 असेल तर चालतं, रंग नेमके ओळखायचे असतील तर 90. कमी सीआरआयच्या दिव्याखाली डाळिंबी आणि मरून एकच दिसतात.

बागेकडची खिडकी

घरातल्या खोलीत ऑफिस थाटलेल्यांना शटरवाल्यांपेक्षा एक चैन आहे, खिडकी निवडायची. सगळे सांगतात, उत्तरेची घ्या. खरं आहे, उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा, ऊन न आणणारा. पण राहाता साधारण 19.7 अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडून येतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन घरात शिरतं. जूनच्या मध्यापासून ढग सांभाळून घेतात, पण मेअखेर पडदा लागणारच. पातळ, पांढरा, सुती.

पडद्याऐवजी नर्सरीतली हिरवी शेडनेट ताणायची आयडिया या भागात फार. पेरूच्या बागांचं गाव, शेडनेट स्वस्तात मिळते. ऊन थांबतं, पण सगळी खोली हिरवट होते आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही आजारी दिसता. लावायचीच तर पांढरी लावा. आणि पेरूचं झाड खिडकीला अगदी लगटून असेल तर वाऱ्याबरोबर पानांच्या सावल्या कीबोर्डवर हलत राहतात. पाच मिनिटं रोमँटिक वाटतं, दोन तासांनी पंख्याच्या पात्यांइतकंच डोकं खातं. एखादी फांदी छाटा किंवा टेबल तीन फूट आत घ्या.

व्हिडिओ कॉलचा विषय निघालाच आहे तर, खिडकीकडे पाठ करून बसलात की समोरच्याला तुमची फक्त काळी आकृती दिसते. रिंग लाइट घ्यायची घाई नको, चष्मा असेल तर भिंगात दोन पांढऱ्या बांगड्या चमकतात. खिडकी बाजूला ठेवा, दुसऱ्या बाजूला टेबल लॅम्प पांढऱ्या भिंतीकडे वळवा. भिंतीवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो.

शेवटचं काम वायरमनचं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर सहसा एक पंखा आणि एक ट्यूब चालू राहते, टेबलाशेजारचा प्लग बंद पडतो. लॅपटॉपची बॅटरी दोन तास तग धरते, पण उद्या सकाळी कोर्टात लागणारी फाइल रात्री नऊला मोबाइलच्या टॉर्चवर वाचावी लागते. सहा-सात वॉटचा लॅम्प इन्व्हर्टरला जाणवणारही नाही. फक्त तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकायला सांगा, आणि तेही पीओपी करायच्या आधी.